मधल्या रांगेतली खुर्ची

मार्चमधल्या सकाळी आबा मिठारींच्या घराच्या पुढच्या सोप्यात ऊन थेट शिरत नसे. आधी ते समोरच्या घराच्या पत्र्यावर पडे आणि तिथून परतून सोप्याच्या तक्तपोशीवर येई. पाण्यात हात घातल्यावर पाणी जसे हलत राहते, तसे ते काही वेळ तिथे नुसते हलत राही. त्या उजेडात दिसत काहीच नसे. सोपा आहे, एवढेच कळे. मग गल्लीच्या तोंडावरच्या पाण्याच्या टाकीआडून सूर्य वर येई आणि दारावरच्या गजांतून उन्हाच्या पट्ट्या भिंतीवर उतरत. पहिल्यांदा त्या फिक्या असत, ताकासारख्या. कॅलेंडरवरून, खुंटीवरच्या टोपीवरून, चुन्याच्या पोपड्यांवरून त्या इतक्या सावकाश खाली येत की त्यांची हालचाल दिसत नसे. डोळा क्षणभर दुसरीकडे जाऊन परत आला की आणखी एखादी वस्तू उजळलेली असे. शेवटी त्या स्टुलावर टेकवलेल्या फोटोपर्यंत पोहोचत. काचेवर आधी नुसती चकाकी येई. ती ओसरली की मागच्या रांगेतल्या माणसांची कपाळे वर येत, मग डोळे, मग मिशा. आणि साठ वर्षांपूर्वीचा एक फुटबॉल संघ, कोणीतरी हाक मारल्यासारखा, आमच्याकडे पाहू लागे.

आबांना दिसे ते तेवढ्या वेळातच. त्यांचा एक डोळा ऑपरेशन होऊनही गढूळच राहिला होता आणि दुसऱ्याचे ऑपरेशन त्यांनी होऊ दिले नव्हते. दिव्याच्या उजेडात त्यांना चेहरे ओळखू येत नसत. म्हणून आमचे काम उन्हाच्या चालीने चाले. ऊन ज्या रांगेवर, ती रांग त्या सकाळी.

धारेश्वर तालमीची इमारत त्या वर्षी नव्याने बांधून झाली होती. पाडव्याला उद्घाटन होते. तालमीच्या संघाचे जुने फोटो नव्या सभागृहात लावायचे आणि प्रत्येक फोटोखाली खेळाडूंची नावे पेंटरकडून लिहून घ्यायची, असे ठरले होते. बाकीच्या फोटोंची नावे मिळाली. त्रेचाळीस सालच्या या फोटोची मिळेनात. त्याच्या पुठ्ठ्यावर खाली नावे होती, पण वाळवी लागल्यावर कुणीतरी तो भाग कापून टाकला होता. त्या संघातले एकटे आबा हयात होते. मी ग्रंथालयात कामाला होतो, अक्षर बरे होते आणि बोलत कमी असे; म्हणून फोटो आबांच्या घरी नेऊन नावे लिहून आणण्याचे काम माझ्याकडे आले.

सगळ्यांना ते माझ्यावर टाकलेले ओझे वाटले. मी मात्र त्या कामाची लहानपणापासून वाट पाहत होतो.

आमच्या पेठेत मुलगा चालू लागला की त्याच्या पायापुढे बॉल टाकतात. माझ्या पायापुढेही टाकला असेल. पण मला खेळता आले नाही. मैदानाच्या कडेला मी उभा राही, आणि आत धावणाऱ्यांची नावे लोक ज्या सुरात घेत, तो सूर ऐकत राही. त्या सुरात आमच्या घरातले एक नाव असावे, एवढीच माझी इच्छा होती. आणि एक जागा होती. फोटोच्या मधल्या रांगेत पाच जण खुर्च्यांवर बसले होते. कर्णधाराच्या उजव्या हाताला सेंटर फॉरवर्डची खुर्ची. तिच्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा माझ्या वडिलांचा होता. तेच पुढे आलेले कान, तेच खालच्या ओठाखालचे खळगे. आजोबा वडिलांच्या लहानपणीच वारले. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. ते शिंपी होते, तालमीचे सदरे शिवत, हे पेठेला ठाऊक होते. ते खेळतही होते, हे या फोटोखाली लिहिले जायचे होते.

पहिल्याच दिवशी मी आबांना सांगितले, "मी दामोदर खटावकरांचा नातू."

"ठाव हाय," आबा म्हणाले. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. कानांकडे पाहत होते, असे मला वाटले.

"मधल्या रांगेत आजोबाच आहेत ना?"

"रांगंनं जाऊ, मास्तर. वरची रांग आधी."

मी मास्तर नव्हतो. पण जो माणूस वही घेऊन येतो त्याला आबा मास्तर म्हणत, आणि अहो-जाहो करत. मला ते आवडत असे. आपल्याशी कोणी इतके जपून बोलते याचा मला अभिमान होता. धैर्यशील येईपर्यंत.

आबांची ओळखण्याची पद्धत चेहऱ्यावरून सुरू होत नसे. ते आधी हात बघत, मग खांद्यांकडे जात.

"ह्यो सदा बराले. मनगटाला फडकं बांधल्यालं दिसतंय का बघा. लागलं-बिगलं काय न्हवतं त्याला. आईनं देवाचं फडकं बांधल्यालं. पेनल्टी मारायच्या आधी त्याला हात लावायचा आन् बाहेर मारायचा."

"नेहमी?"

"देव तरी किती बॉल आत घालंल?"

मी लिहून घेई. ऊन खाली सरके. चकाकी आबांच्या धोतरावर आली की आमचे काम संपे. मग त्यांच्या सूनबाई चहा आणत आणि आबा लढाईच्या दिवसांतले काहीबाही सांगत. रॉकेल कार्डावर मिळायचे. कापड तर मिळतच नव्हते. संघाचे सदरे मांजरपाटाचे होते आणि घरोघरच्या बायकांनी ते चुलीवर रंग उकळून रंगवले होते, म्हणून अकरा सदऱ्यांचे अकरा रंग झाले होते. फोटोत ते सगळे एकसारखे करडे दिसत. "फोटोनं अब्रू राखली," आबा म्हणत. वळिवड्याच्या निर्वासितांच्या छावणीतली पोलंडची माणसे मॅच बघायला आली होती आणि त्यातली एक गोरी बाई आबांच्या अनवाणी पायांकडे बघून रडली होती, हेही त्यांनी सांगितले. ते सगळे फक्त मला सांगितले जात आहे, या सुखात मी चहा पीत असे.

मागची रांग पुरी झाली त्या सकाळी धैर्यशील इंगवले आला. तो तालमीच्या चालू संघाचा सेंटर फॉरवर्ड. मैदानावरून थेट आला होता. पायाला अजून माती होती. चपला काढता काढताच बोलू लागला.

"काय आबा, चष्मा कुठला घातलायस? ह्यो तर बायकांचा दिसतोय."

"सूनबाईचा हाय. गप बस. त्यातनं दिसतंय जरा."

"मग वैनी काय घालून भाकऱ्या करालीय? तुझा?"

आबा हसले. मी पाच सकाळी त्यांच्यासमोर बसलो होतो. ते असे, खांदे हलवून, हसलेले मी पाहिले नव्हते. आणि धैर्यशील त्यांना 'तू' म्हणत होता. नात्याचा नाही, गोत्याचा नाही, तरी 'तू'. त्या एका अक्षराने माझे 'अहो मास्तर' मला परक्याच्या घरी दिलेल्या पाटासारखे वाटू लागले.

"हिथं बस लेका," आबा त्याला म्हणाले, आणि स्वतःच्या शेजारची उशी सरकवली.

तो फोटो बघायला आला होता. त्याचे आजोबा, गणपत इंगवले, मराठा पलटणीत होते. त्रेचाळीस साली रजेवर आले, तालमीकडून फायनल खेळले, परत गेले आणि इटलीत एका नदीकाठी पडले. धैर्यशीलचे वडील तेव्हा जन्मलेही नव्हते. हे पेठेतल्या प्रत्येकाला माहीत होते. धैर्यशीलने जे सांगितले ते मात्र मला माहीत नव्हते.

"आमच्या घरात आज्जाचा एकबी फोटो न्हाई. पलटणीतला एक काढला होता म्हणं, त्यो आलाच न्हाई. आज्जी म्हणती, तालमीत फोटो हाय त्यात ते हायत. पण बायकांनी तालमीची पायरी चढायची न्हाई. लग्न होऊन एक वरीस, आन् मग साठ वर्सं. साठ वर्सं ती तालमीवरनं बाजारला जातीया, आन् आत फोटो हाय म्हणून दाराकडं बघून पदर घेती." त्याने फोटोकडे बोट केले. "आता फोटो तुझ्या घरात हाय. घरात तिला यायला कोण अडवंल? पाडव्याला परत आत गेला की गेला."

आबांनी चष्मा काढून पुसला. "आण की. ऊन मधल्या रांगंवर यील तवा आण. परवा."

"मधल्या रांगेत?" मी विचारले. "मधल्या रांगेत कुठे?"

"सेंटर फॉरवर्डला," धैर्यशील म्हणाला. "कॅप्टनच्या उजव्या हाताला. आज्जीला निवृत्ती माने सांगून गेलाय. त्यो संगं होता इटलीत."

मी फोटोकडे पाहिले. ऊन निघून गेले होते. खुर्चीवरचा माणूस सावलीत होता. "ते माझे आजोबा आहेत," मी म्हणालो.

"कोण म्हणतंय?"

"चेहरा म्हणतोय. माझ्या वडिलांना पाहा आणि याला पाहा."

धैर्यशील उठला, फोटोजवळ गेला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. त्याने भांडायला हवे होते. तो मोठ्याने बोलला असता तर मला बळ आले असते. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "असंल भावा. आमच्याकडं चेहराच न्हाई, तर मी काय सांगणार."

मी आबांकडे वळलो. "आबा, तुम्ही सांगा."

"ऊन गेलं मास्तर," आबा म्हणाले. "आता मला सगळी सारखीच दिसत्यात."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. काम नसताना आला. आणि त्या सकाळी मला कळले की आठवण ही देखील कुणाकुणाच्या घरी मालमत्तेसारखी असते. आमच्या घरी युद्धाची एकही गोष्ट नव्हती. आजोबा लढाईवर गेले नव्हते. का गेले नव्हते हे मी कधी कुणाला विचारले नव्हते. धैर्यशीलकडे मात्र गोष्टींचा साठा होता, आणि आपण श्रीमंत आहोत हे ज्याला ठाऊक नसते त्या निष्काळजीपणाने तो त्या उधळत होता.

"निवृत्ती माने सांगायचा," तो म्हणाला, "तिकडं बर्फाचा चिखल. पलटणीतल्या पोरांनी मोज्यांचा बॉल बांधला आन् गोऱ्या सोल्जरांबर मॅच धरली. आज्जानं काय केलं, बूट काढून ठिवलं. साहेब आला, म्हणाला, ए इंगवले, बूट घाल, पाय गळून पडतील. तर ह्यो म्हणतोय कसा, साहेब, बूट घालून लढाई करतो की. हे तर खेळाय लागलोय."

आबा हसता हसता खोकले. मग त्यांनी डोळे टिपले. "तसंच बोलायचा," ते म्हणाले. "अगदी तसंच. फायनलला हाफ टाइमला म्हणालो, गणपा, परवा तुला गाडी धरायचीय, पाय सांभाळ. तर म्हणाला, पाय सांभाळायला पलटणीत पगार मिळतो, हिथं फुकट खेळालोय, हिथं तर वापरू दे."

"आणि माझे आजोबा?" मी विचारले. "ते काय म्हणाले?"

आबांनी कपाळावरून हात फिरवला. "दामू लई कमी बोलायचा," ते म्हणाले. "तुमच्यावानी."

धैर्यशीलने माझ्या पाठीवर थाप मारली. त्यात खोट नव्हती. पण त्याचा हात माझ्या पाठीवरून उठल्यावरही तिथे ऊब राहिली, आणि ती मला सहन होईना. त्याच्याकडे सगळे होते. पाय होते, आवाज होता, इटलीतला चिखल होता, आबांची उशी होती. माझ्याकडे खुर्चीतला एक चेहरा होता, आणि तोही मागायला तो आला होता.

रात्री जेवताना मी वडिलांना म्हणालो, "उद्या आबांकडे येता का? तुम्हाला फोटोशेजारी बसवलं की प्रश्नच मिटेल."

वडिलांनी ताटातला हात थांबवला. "मशीनवर चार ब्लाउज पडलेत," ते म्हणाले. "तू जा." मग पाणी प्याले. "नावासाठी भांडू नकोस, मुकुंदा."

मी ते भित्रेपणाचे बोलणे समजलो. आमच्या घराला तो आजार आहे, असे मला वाटे.

तिसऱ्या सकाळी मी लवकर गेलो. ऊन अजून पत्र्यावर होते. आबा खुर्चीत तयार होऊन बसले होते, डोक्याला टोपी, खांद्यावर स्वच्छ पंचा. सूनबाईंनी सोपा सारवल्यासारखा पुसून घेतला होता. फोटोची काच पुसली होती.

धैर्यशील आजीला घेऊन आला. तिचे नाव हौसाबाई. मी तिला बाजारात शेकडो वेळा पाहिले होते; ठेंगणी, काटक, कपाळावर गोंदण, कुंकू नाही. त्या दिवशी तिने इस्त्रीचे लुगडे नेसले होते. दारात ती थांबली आणि आबांना म्हणाली, "भावजी, आत येऊ न्हवं?"

"घर हाय वैनी. तालीम न्हाई."

"तालीमच उचलून आणलीया म्हणं घरात."

"ये की आज्जी," धैर्यशील म्हणाला, "का वाजंत्री लावू?"

"गप, खुळ्या." तिने त्याच्या दंडाला धरले. पण पाऊल उंबऱ्याबाहेरच ठेवले. तेव्हा प्रथमच मी पाहिले की धैर्यशीलही घाबरलेला आहे. तो विनोद शोधत होता.

ती फोटोसमोर पाटावर बसली. ऊन वरच्या रांगेवर होते. बाहेर सायकलवरून कोणी दूध घालून गेला, बरणीचे झाकण वाजले. ऊन उतरू लागले. मागच्या रांगेतल्यांचे हात उजळले, मग बसलेल्यांच्या टोप्या, कपाळे. मी खुर्चीतल्या चेहऱ्याकडे पाहत नव्हतो. मी हौसाबाईंकडे पाहत होतो. आणि मनातल्या मनात, साठ वर्षे थांबलेल्या त्या बाईसमोर बसून, मी एकच गोष्ट मागत होतो: तिने त्याला ओळखू नये.

तिने पुढे वाकून पाहिले. पदराने काच पुसली, पुन्हा पाहिले.

"हे ते न्हवं," ती म्हणाली.

माझ्या छातीत काहीतरी मोकळे झाले. ते मी आजही विसरलेलो नाही. तो आनंद होता.

"आज्जी, नीट बघ," धैर्यशील म्हणाला. "कॅप्टनच्या उजव्या हाताला."

"नीटच बघितलं बाळा. त्यांच्याबर एक वरीस ऱ्हायलो मी. ह्यो दामू शिंपी हाय." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "ह्या पोराचा आज्जा. कान बघ की."

"मी म्हणत होतो," मी म्हणालो. वही उघडून मी पेनाचे टोपण काढले. धैर्यशीलकडे मी पाहिले नाही. मला पाहण्याची गरज वाटली नाही.

पण हौसाबाई फोटोपासून मागे सरल्या नव्हत्या. त्यांचे बोट काचेवर होते, खुर्चीतल्या माणसाच्या गळ्यापाशी, आणि ते खाली छातीवरून कडेपर्यंत जात होते, कापडाची शिवण चाचपावी तसे.

"सदरा मातर त्यांचा हाय," त्या म्हणाल्या.

आबांनी डोळे मिटून घेतले.

"गळ्याला ह्यो तिरका टाका मी घाटलाय. चुलीपाशी वाळत घाटल्याला, ठिणगी पडली, तवा घाटला. भावजी, दामूच्या अंगात त्यांचा सदरा कसा?"

ऊन आता पाचही खुर्च्यांवर होते.

"फायनल झाली आन् दुसऱ्या दिवशी गणपाला गाडी धराय लागली," ते म्हणाले. "फोटोवाला मिळाला त्यानंतर आठ दिसानं. आता खुर्ची रिकामी ठिवायची कशी? लढाईवर गेल्याल्या माणसाची खुर्ची रिकामी ठिवली तर लोक काय समजत्यात, ठाव हाय न्हवं वैनी? वस्तादांनी सांगितलं, गणपाचा सदरा आणा आन् त्याच्या अंगापिंडाचं कुणीतरी बसवा. नाव खुर्चीचं लागंल, माणसाचं न्हाई. त्याच्या मापाचा दामूच व्हता. मापं त्यानंच घेतल्याली."

"दोरा निघालाय म्हणून सदरा न्यायला आलता," हौसाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी धुऊन, घडी घालून आणून दिला. दारात उभा ऱ्हायला. काय तरी बोलणार व्हता, बोलला न्हाई."

"वस्तादांनी शपथ घाटल्याली. गणपा परत येस्तवर कुणी बोलायचं न्हाई म्हणून." आबांनी पंच्याने तोंड पुसले. "गणपा आलाच न्हाई. मग बोलायचं कवा?"

"आबा," धैर्यशील म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला होता. "तुला पहिल्या दिवसापासनं ठाव होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस? आज्जीला उगंच आणली मी."

"सांगितलं असतं तर तू आला नसतास परत. आन् मास्तर बी आलं नसतं." आबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "ह्या सोप्यात कोण येतंय, पोरांनो?"

मी वही मिटली नव्हती. मला अजून एक वाट दिसत होती आणि मी तिच्यावर पाऊल टाकले. "पण आजोबा तालमीतलेच होते," मी म्हणालो. "सदरे त्यांचेच. रोज मैदानावर असतील. कधीतरी खेळलेही असतील. राखीव म्हणून तरी."

हौसाबाईंनी आबांकडे पाहिले, आबांनी जमिनीकडे. सूनबाई चहाचे ताट घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"त्यानं सदरं शिवलं," आबा शेवटी म्हणाले. "अकराच्या अकरा. कापड मिळत नसताना. ते काय थोडं न्हाई, मास्तर."

"सराव तरी..."

"असू दे पोरा," हौसाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या कानाला हात लावून तोच हात त्यांनी आपल्या कपाळाला लावला. "जागा रिकामी ठिवली न्हाई त्यानं. मला साठ वर्सं वाटत व्हतं आत कोणतरी बसलंय आमचं. बसलं व्हतं की."

धैर्यशीलने आजीला दारापर्यंत नेले. चपला घालताना तो मागे वळून मला म्हणाला, "तुला चेहरा तरी मिळाला, भावा." तो टोमणा नव्हता. त्याच्या डोळ्यांत मी जे पाहिले ते मला चांगले ओळखीचे होते, गेले तीन दिवस मी तेच घेऊन हिंडत होतो. त्याला माझा हेवा वाटत होता. आणि तरीही, ते दोघे गल्लीतून जाताना, आजी त्याच्या खांद्याला धरून चालत असताना, मला पुन्हा त्याचाच हेवा वाटला.

नावे मी पेंटरला नेऊन दिली. खुर्चीच्या नियमाने मधल्या रांगेत गणपतराव इंगवले लिहिले गेले. धैर्यशीलने अध्यक्षांना दोन्ही नावे लिहा म्हणून सांगितले होते. मीच नको म्हणालो. लोकांना तो मनाचा मोठेपणा वाटला. दान म्हणून मिळालेले नाव मला नको होते, इतकेच.

पाडव्याला गर्दी झाली. एक वयस्कर गृहस्थ त्या फोटोपुढे उभे राहून धैर्यशीलला म्हणाले, "आजोबांवर गेलास बघ अगदी. तोच रुबाब." धैर्यशीलने माझ्याकडे पाहिले. मी सभागृहाच्या कडेला उभा होतो. मग म्हणाला, "व्हय, सगळी म्हणत्यात."

संध्याकाळी मी दुकानात गेलो. वडील मशीनवर होते. दिवसभर ते तालमीकडे फिरकले नव्हते.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

त्यांनी मशीन थांबवले नाही. "फोटोचं नव्हतं ठाऊक," ते म्हणाले. "बाकीचं तुलाही ठाऊक होतं."

यालाही आता काही वर्षे झाली. आबा गेले, हौसाबाई गेल्या. धैर्यशील भेटला की पाठीवर थाप मारतो आणि मी हसतो. फोटो तिथेच आहे, आणि आमच्या घरचा चेहरा त्या नावाखाली शांत बसलेला आहे. पुढच्या रांगेत जमिनीवर बसलेल्या खेळाडूंच्या खांद्यांमुळे खुर्च्यांवरच्या कुणाचेच पाय त्यात दिसत नाहीत. त्या न दिसणाऱ्या पायांच्या आधारावर मी कितीतरी वर्षे काढली.

माझ्या आजोबांचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. मी चौथीत असताना वडिलांनी मला ते सांगितले होते.